हुप्पा

हुप्पा म्हणजे ज्यू (यहुदी) विवाहविधीत वधू-वरांच्या डोक्यावर धरले जाणारे वस्त्राचे छत. चार काठ्या किंवा खांब आणि त्यांवर ताणलेले एक वस्त्र, एवढीच त्याची सामग्री. त्याला भिंती नसतात आणि दारही नसते. विवाहाच्या मुख्य विधीच्या वेळी वधू-वर या छताखाली उभे राहतात. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे छत म्हणजे वराचे घर होय आणि वधूने त्याखाली येणे म्हणजे तिचा गृहप्रवेश होय.

महाराष्ट्रात हुप्पाचा विचार करताना बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजाचा विचार अपरिहार्य ठरतो. अलिबाग, पेण, पनवेल, मुरूड, रोहा या भागांतील खेड्यांत आणि पुढे मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत राहिलेल्या या समाजाची लग्ने पिढ्यानपिढ्या घरापुढच्या मांडवात आणि नंतर सभास्थानात लागत आली. चार खांबांचे स्वतंत्र छत हे त्या विधीचे आवश्यक अंग समजले जात नव्हते. त्यामुळे ‘बेने इस्रायलांच्या लग्नात हुप्पा नसतो’ असे विधान कधीकधी केले जाते. ते छतापुरते बरेचसे खरे असले, तरी हुप्पाच्या मूळ अर्थाने पाहता अपुरे आहे. ‘हुप्पा’ हे एका वस्तूचे नाव आहे, तसेच ते एका कृतीचेही नाव आहे, आणि धर्मशास्त्राने अधिक महत्त्व दिले आहे ते कृतीला.

शब्द आणि उच्चार

हिब्रू भाषेतील ज्या धातूपासून ‘हुप्पा’ हा शब्द तयार झाला, त्याचा अर्थ झाकणे किंवा आच्छादणे असा आहे. शब्दाचे आद्याक्षर हिब्रूत घशातून उच्चारले जाते. पूर्व युरोपातील ज्यूंच्या तोंडी ते ‘ख’च्या जवळ जाते, तर भारतातील ज्यूंच्या उच्चारात ‘ह’च्या. इंग्रजी वर्णलेखनावरून मराठीत क्वचित ‘चुप्पा’ असे लिहिलेले आढळते. ते चूक आहे, कारण त्या इंग्रजी लेखनातील जोडाक्षर ‘च’चे निदर्शक नाही. शब्दाचे हिब्रू अनेकवचन ‘हुप्पोत’ असे होते.

मराठीत या शब्दासाठी नेमका प्रतिशब्द योजणे सोपे नाही. ‘चांदवा’ हा शब्द वस्तूच्या दृष्टीने अधिक जवळचा आहे. देवाच्या मूर्तीवर किंवा मान्यवराच्या बैठकीवर बांधलेल्या कापडी छताला चांदवा म्हणतात आणि हुप्पाही दिसायला तसाच असतो. मात्र चांदव्यात सन्मानाचा अर्थ आहे, घराचा नाही. ‘मांडव’ या शब्दात घर, सोहळा आणि सोयरीक हे तिन्ही अर्थ सामावतात. ‘मांडवाखालून जाणे’ म्हणजे लग्न होणे, हा मराठी वाक्प्रचार तर हिब्रूतील ‘हुप्पाखाली जाणे’ या प्रयोगाशी थेट जुळतो. परंतु मांडव हा पाहुण्यांसह सर्वांचा असतो, तर हुप्पा दोघांपुरता. म्हणून प्रस्तुत लेखात मूळ शब्दच ठेवला आहे.

रचना

हुप्पासाठी विशिष्ट माप, रंग किंवा कापड धर्मग्रंथांनी ठरवून दिलेले नाही. मखमल, रेशीम किंवा साधे सुती कापडही चालते. त्यावर कशिदा काढलेला असतो, पुष्कळदा विवाहाच्या आशीर्वादांतील हिब्रू शब्द विणलेले असतात. अनेक ठिकाणी प्रार्थनेच्या वेळी पुरुष अंगावर घेतात ते तालीत, म्हणजे चारही टोकांना गाठी मारलेले गोंडे असलेले उपरणे, हुप्पा म्हणून वापरले जाते. ते वराला वडिलांकडून किंवा सासऱ्याकडून मिळालेले असले, तर त्याचे अप्रूप अधिक. खांब जमिनीत रोवलेले असतात किंवा चार आप्त अथवा मित्र ते हातांत धरून उभे राहतात. हातात धरलेल्या खांबांचे छत वाऱ्याबरोबर थोडे हलते, कधी एका बाजूला कलते, आणि धरणाऱ्यांचे हातही भरून येतात. तरीही काठी धरण्याचा मान मिळावा अशी जवळच्या मित्रांची इच्छा असते.

पूर्व आणि मध्य युरोपातील ज्यूंमध्ये, म्हणजे अश्केनाझी परंपरेत, हुप्पा उघड्या आकाशाखाली उभारण्याची चाल आहे. अब्राहामाची संतती आकाशातील ताऱ्यांसारखी असंख्य होईल, या बायबलमधील वचनाशी ती जोडली जाते. सभास्थानातच लग्न लावायचे असल्यास हुप्पावर आकाश दिसावे म्हणून छताचा भाग उघडता येईल अशी सोय काही ठिकाणी केलेली असते. स्पेन, उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून आलेल्या सेफार्दी व पौर्वात्य ज्यूंमध्ये ही चाल रूढ नाही. त्यांच्याकडे सभास्थानात किंवा घरात विवाह होतो आणि आशीर्वादांच्या वेळी दोघांच्या डोक्यावर तालीत धरले जाते. येमेनमधील ज्यूंच्या पारंपरिक विवाहात खांबांचे छत नसे.

प्राचीन उल्लेख

हिब्रू बायबलमध्ये हा शब्द मोजक्याच ठिकाणी येतो आणि विवाहाच्या संदर्भात त्याचा अर्थ छत नसून खोली असा आहे. स्तोत्रसंहितेच्या एकोणिसाव्या स्तोत्रात उगवत्या सूर्याला हुप्पातून बाहेर पडणाऱ्या वराची उपमा दिली आहे. योएल संदेष्ट्याच्या ग्रंथात संकटकाळी उपासासाठी सर्वांना बोलावताना वधूनेही आपला हुप्पा सोडून यावे असे सांगितले आहे. म्हणजे त्या काळी हुप्पा ही वधू-वरांसाठी सजवलेली कोठडी किंवा तंबू असावा. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाक रिबकेला आपल्या दिवंगत आईच्या, सारेच्या, तंबूत आणतो आणि ती त्याची पत्नी होते. तेथे ‘हुप्पा’ हा शब्द नाही, परंतु पुढे ज्याला हुप्पा म्हटले गेले ती कृती नेमकी हीच आहे.

वस्त्राने आच्छादण्याचा संकेतही बायबलमध्ये स्वतंत्रपणे येतो. रूथच्या कथेत खळ्यावर निजलेल्या बवाजला रूथ आपल्यावर त्याच्या वस्त्राचा पदर पसरण्याची विनंती करते. ही विवाहाचीच मागणी आहे. हिब्रूत पदर आणि पंख यांना एकच शब्द असल्यामुळे या विनंतीत आश्रयाचाही अर्थ मिसळतो. पदर पसरण्याचा मराठी अर्थ याचनेचा. येथे मात्र आधार देणारा तो पसरतो.

तालमूद या ग्रंथात बेतार नगरातील एका चालीची नोंद आहे. मुलगा जन्मला की तेथील लोक सीडारचे झाड लावीत आणि मुलगी जन्मली की सुरूच्या जातीचे दुसरे एक झाड. ती दोघे लग्नाला उभी राहिली की झाडे तोडून त्यांच्याच लाकडांतून हुप्पा उभारीत. याच ठिकाणी पुढची कथा येते. रोमन सम्राटाची मुलगी त्या वाटेने जात असता तिच्या वाहनाचा कणा मोडला आणि तिच्या लोकांनी दुरुस्तीसाठी असे एक झाड तोडले. गावकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला, त्यातून बंड झाले आणि बेतारचा नाश झाला. बेतार इ. स. १३५ मध्ये रोमनांच्या हाती पडले हे इतिहासाने सिद्ध आहे. हे नगर बार कोखबाच्या बंडाचा शेवटचा बालेकिल्ला होते. बंडाचे कारण म्हणून दिलेली झाडाची हकिकत ही दंतकथा मानावी लागते. तरीही ती सांगणाऱ्यांच्या मनात हुप्पाच्या लाकडाला काय मोल होते, हे तिच्यावरून कळते.

रोमनांशी झालेल्या युद्धांनंतर धर्मगुरूंनी लग्नातील थाटमाटावर काही निर्बंध घातले. वरांचे मुकुट, पुढे वधूंचे मुकुट आणि सोनेरी कलाबुतीचे किरमिजी रेशमी हुप्पे वर्ज्य ठरले. साध्या काठ्यांचा सांगाडा करून त्यावर आपल्याला हवे ते वस्त्र टांगण्याची मुभा मात्र ठेवण्यात आली. आजच्या हुप्पाचे साधेपण या निर्बंधांतूनच आले असे ठामपणे म्हणता येत नाही. पण लग्नाच्या आनंदात जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाची आठवण ठेवायची, ही वृत्ती विधीच्या अखेरीस पेला फोडण्याच्या प्रथेत आजही दिसते.

हुप्पा कशाला म्हणावे

ज्यू विवाह दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा किद्दुशीन किंवा एरुसीन. यात वर वधूला अंगठी किंवा अन्य मौल्यवान वस्तू देतो आणि ती आपल्यासाठी राखली गेली असे दोन साक्षीदारांसमक्ष घोषित करतो. दुसरा टप्पा निसुईन, म्हणजे प्रत्यक्ष सहजीवनाचा आरंभ. प्राचीन काळी या दोन टप्प्यांत वर्षभराचे अंतर असे. या काळात वधू माहेरीच राही, पण कायद्याने ती बांधलेली असे आणि हे बंधन घटस्फोटाविना सुटत नसे. साखरपुड्याशी याची तुलना केली जाते, ती या कारणाने फसवी आहे, कारण साखरपुडा मोडता येतो. मध्ययुगात दोन्ही टप्पे एकाच दिवशी, एकामागोमाग करण्याची पद्धत पडली. लांबलेल्या वाग्दत्त अवस्थेतील अडचणी, स्थलांतरे आणि दोनदा मेजवानी देण्याचा खर्च अशी त्याची कारणे सांगितली जातात.

दुसरा टप्पा पूर्ण होतो तो हुप्पाने. मग हुप्पा नेमका कशाने होतो? यावर शास्त्रकारांचे एकमत नाही. बाराव्या शतकातील मैमोनिदीस यांच्या मते वराने वधूला आपल्या घरी आणणे आणि दोघांनी एकांतात असणे म्हणजे हुप्पा. काहींच्या मते वराने वधूच्या डोक्यावर वस्त्र घालणे हाच हुप्पा. वधू वडिलांच्या घरून विवाहासाठी निघाली की हुप्पा झाला, असेही एक मत आहे. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी ‘शुल्हान आरूख’ हा आचारसंग्रह सिद्ध केला. क्राकोचे मोशे इस्सेर्लेस यांनी त्यावर टिपणे लिहिली. हे सर्व मतभेद नोंदवून ते सांगतात की, हल्ली चार काठ्यांवर वस्त्र पसरलेल्या जागेला हुप्पा म्हणण्याचा प्रघात आहे. या नोंदीतील ‘हल्ली’ला महत्त्व आहे. आज जगभर ज्यू विवाहाचे चिन्ह म्हणून ओळखले जाणारे चार खांबांचे छत सोळाव्या शतकातील पोलंडमध्येही चालू प्रघात म्हणूनच नोंदले गेले, प्राचीन आज्ञा म्हणून नव्हे.

मतभेद मिटवण्याऐवजी व्यवहाराने ते सर्व एकत्र केले. अश्केनाझी विवाहात आधी वर वधूच्या चेहऱ्यावर वस्त्र ओढतो, मग दोघे छताखाली उभे राहतात आणि विधी संपल्यावर काही काळ एका खोलीत एकांतात बसतात. प्रत्येक मताचा मान यात राखला जातो.

विधीचा क्रम

छताखाली प्रथम वर येतो. हे घर त्याचे, म्हणून यजमानाने आधी उभे राहून वधूचे स्वागत करावे असा संकेत आहे. अश्केनाझी चालीत वधू त्याच्याभोवती फेऱ्या घालते, बहुधा सात. सेफार्दी व भारतीय ज्यू विवाहांत ही चाल नाही. सप्तपदीशी तिचे साम्य केवळ आकड्याचे आहे. द्राक्षरसावरचा आशीर्वाद आणि किद्दुशीनचा आशीर्वाद झाल्यावर वर वधूच्या उजव्या हाताच्या तर्जनीत अंगठी घालतो. त्यानंतर केतुबा वाचला जातो. केतुबा हा अरामी भाषेतील विवाहलेख असून, पतीने पत्नीच्या अन्नवस्त्राची जबाबदारी घेणे आणि घटस्फोट किंवा वैधव्य आल्यास तिला ठरलेली रक्कम मिळणे यांची हमी त्यात असते. तो वधूच्या हाती दिला जातो आणि तिच्याकडेच राहतो. स्त्रीच्या आर्थिक हक्काचा लेख लग्नाच्या मध्यावर सर्वांसमोर मोठ्याने वाचला जावा, हे या विधीचे वैशिष्ट्य आहे. दोन टप्पे एकाच दिवशी आल्यावर केतुबाचे वाचन त्यांच्यामध्ये सीमारेषेसारखेही उपयोगी पडू लागले.

यापुढे सात आशीर्वाद म्हटले जातात. त्यांसाठी किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती आवश्यक मानली जाते. अखेरीस वर काचेचा पेला फोडतो. दक्षिण जर्मनीतील काही जुन्या सभास्थानांच्या बाहेरील भिंतीत ‘हुप्पाशिला’ बसवलेली असे आणि पेला तिच्यावर फेकून फोडला जाई.

बेने इस्रायल विवाह

बेने इस्रायल समाजाच्या पारंपरिक समजुतीनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी होत. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद ठेवण्याचा नियम यांमुळे कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडलेली आहेत. शेकडो वर्षे इतर ज्यूंशी संपर्क नसताना शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि ‘शेमा’ ही श्रद्धाघोषणा त्यांनी टिकवली. सणांना त्यांनी मराठी नावे दिली. योम किप्पूरला ते ‘दारफाळणीचा सण’ म्हणत.

या दीर्घ काळात त्यांच्याकडे सभास्थान नव्हते. धार्मिक कृत्ये घरोघरी होत आणि गावोगाव फिरणारे काजी ती चालवीत. मुंबईत मांडवी भागात सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये ‘शाआर हारहमीम’ हे समाजाचे पहिले सभास्थान बांधले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. त्यानंतरच्या शतकात अलिबाग, पनवेल, ठाणे अशा अनेक ठिकाणी सभास्थाने झाली. ठाण्यातील ‘शाआर हाशामाईम’ १८७९ मधील आहे. म्हणजे लग्न सभास्थानात लागणे ही या समाजाच्या इतिहासातील तुलनेने अलीकडची गोष्ट आहे आणि त्याआधीची सर्व लग्ने घरी लागली.

घरी, म्हणजे मांडवात. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी, पडघा किंवा कल्याण परिसरातील आगरी, कुणबी घरांतील लग्न ज्याने पाहिले आहे त्याला मांडवाचे महत्त्व सांगावे लागत नाही. मुहूर्तमेढ रोवण्यापासून लग्नघर हे लग्नघर होते. उंबराची किंवा आंब्याची डहाळी मांडवाला बांधली जाते. हळद, पाहुणचार आणि जेवणावळ सर्व त्याखाली. कोकणातील बेने इस्रायलांनी शेजाऱ्यांच्या या चालीतून मांडव, हळद, मेंदी, हिरव्या बांगड्या, फुलांचा शेवरा, घोड्यावरची वरात आणि मंगळसूत्र स्वीकारले. देवक, अंतरपाट आणि होम स्वीकारले नाहीत. समाजाने ही निवड धर्माच्या कसोटीवर केली हे उघड आहे. जे शोभेचे व आनंदाचे ते घेतले. जे अन्य देवतांच्या पूजेशी जोडलेले ते टाळले.

अंतरपाट टाळला जाण्याला आणखीही एक अर्थ देता येतो. अंतरपाट वधू-वरांच्या मध्ये धरला जातो आणि तो दूर झाल्याने लग्न लागते. हुप्पाचे वस्त्र दोघांच्या वर धरले जाते आणि त्याखाली एकत्र उभे राहिल्याने लग्न लागते. दोन्हीकडे वस्त्रच साक्षीला आहे, परंतु एका ठिकाणी ते दुरावा दाखवते, तर दुसऱ्या ठिकाणी निवारा.

विवाहापूर्वी मेंदीचा कार्यक्रम होतो. वधूच्या हातांना आणि वराच्या उजव्या हाताच्या तर्जनीला मेंदी लावली जाते. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या स्मरणार्थ होणारा मलिदा हाही या समाजाचा खास विधी आहे. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचे तबक मांडून आशीर्वाद म्हटले जातात. लग्नासारख्या शुभकार्यात तो आवर्जून करतात.

सभास्थानातील विवाहात वर तेबाजवळ, म्हणजे तोरावाचनाच्या मध्यवर्ती चौथऱ्याजवळ, उभा राहून वधूची वाट पाहतो. वधू, बहुधा पांढऱ्या साडीत, दारातून आत येऊ लागली की तो स्वतः ‘योनाती झिव’ हे हिब्रू विवाहगीत गाऊ लागतो आणि जमलेले लोक त्याला साथ देतात. ती तेबापाशी पोहोचेपर्यंत गाणे चालते. अन्य ज्यू समाजांत वराच्या आगमनाला व वधूच्या आगमनाला वेगवेगळी गीते असतात, परंतु वराने स्वतः गाऊन वधूचे स्वागत करणे ही बेने इस्रायलांची ओळख ठरली आहे. मग द्राक्षरस, अंगठी, केतुबाचे वाचन, सात आशीर्वाद आणि पेला फोडणे हा सर्व क्रम होतो. विधी चालवणारा हजान प्रार्थना सेफार्दी पद्धतीने म्हणतो. ही पद्धत मुख्यतः कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांमुळे एकोणिसाव्या शतकात कोकणात स्थिरावली. हिब्रू न कळणाऱ्यांसाठी जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी त्याच शतकात अनेक प्रार्थना मराठीत आणल्या.

या क्रमात छत कोठे आहे? पुष्कळ वेळा कोठेच नसे. परंतु वर आधी येऊन उभा आहे, वधू लोकांच्या देखत त्याच्याकडे चालत येते, तो तिला गाऊन बोलावतो, आणि त्या क्षणापासून दोघांचे घर एक होते. शास्त्रकारांनी हुप्पा म्हणून जी कृती सांगितली आहे, ती हीच. पूर्वीच्या घरगुती लग्नात तर वराच्या घरी वधूला आणणे हा मैमोनिदीस यांना अभिप्रेत असलेला अर्थ शब्दशः पूर्ण होत असे. म्हणून बेने इस्रायल विवाहाचे वर्णन ‘हुप्पाविना विवाह’ असे करण्यापेक्षा ‘छताविना हुप्पा’ असे करणे अधिक योग्य होईल.

मान्यतेचा प्रश्न

विवाह कशाने वैध होतो, हा प्रश्न या समाजासाठी केवळ ग्रंथांपुरता राहिला नाही. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर बेने इस्रायल कुटुंबे मोठ्या संख्येने तेथे जाऊ लागली. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अखत्यारीत येतात. तेथील काही धर्मगुरूंनी बेने इस्रायल व्यक्तींचे इतर ज्यूंशी विवाह लावण्यास नकार दिला. कोकणात एकाकी राहिलेल्या या समाजात घटस्फोट शास्त्रोक्त लेखाने होत होते किंवा कसे, याबद्दल त्यांना शंका होती. पूर्वीचा विवाह नीट न सुटता स्त्रीचा पुनर्विवाह झाला असेल, तर त्या संततीच्या विवाहयोग्यतेवर ज्यू कायद्यात गंभीर निर्बंध येतात.

धर्मपीठाच्या परिषदेने १९६१ मध्ये बेने इस्रायलांशी विवाह करण्यास सर्वसाधारण मान्यता दिली. परंतु १९६२ मध्ये निघालेल्या सूचनांनुसार विवाहनोंदणी करणाऱ्यांनी बेने इस्रायल अर्जदाराच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावयाची होती. सूचनेत या समाजाचे नाव घेऊन त्याला वेगळे काढले होते. लग्न ठरलेल्या तरुण-तरुणींना आजी-पणजीच्या लग्नाचे आणि घटस्फोटाचे पुरावे मागितले जाऊ लागले. कोकणातल्या खेड्यात, मांडवात लागलेल्या लग्नाचा कागद शंभर वर्षांनी दाखवायचा कोठून? त्यावेळचे सेफार्दी प्रमुख धर्मगुरू यित्झाक निस्सीम यांच्या धोरणाविरुद्ध समाजाने आंदोलन उभारले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरण्यात आले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेत, क्नेसेतमध्ये, या प्रश्नावर खास चर्चा झाली आणि बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, त्यांच्याशी भेदभाव होऊ नये, अशी भूमिका सरकारने घेतली. महिनाअखेरीस धर्मपीठाने सूचनांतून समाजाचे नाव वगळले.

या वादातील एक तर्क लक्षात घेण्याजोगा आहे. घटस्फोट सदोष असण्याची भीती तेव्हाच उद्भवते, जेव्हा आधीचा विवाह बंधनकारक असतो. कोकणातील विवाह शास्त्रदृष्ट्या विवाहच नव्हेत असे मानले असते, तर शंकेला जागाच उरली नसती. म्हणजे शंका घेणाऱ्यांनी मांडवातल्या त्या लग्नांचे बंधन नकळत गृहीत धरले होते. वाद छतावरून नव्हता, आणि चार खांबांच्या अभावाचा मुद्दा त्यात निर्णायक ठरला नाही.

सद्यःस्थिती

१९५१ च्या जनगणनेत भारतातील ज्यूंची संख्या सुमारे २६ हजार होती. आज ती पाच हजारांच्या आसपास असून त्यांतील मोठा भाग मुंबई आणि ठाणे परिसरात आहे. भारतात ज्यू विवाहांसाठी स्वतंत्र संहिताबद्ध कायदा नाही. विवाह रूढी आणि धर्मशास्त्राप्रमाणे होतात, तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा ज्यूंना आपल्या कक्षेतून स्पष्टपणे वगळतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह करण्याचा मार्ग इतरांप्रमाणे त्यांनाही खुला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

संख्या घटल्यामुळे सात आशीर्वादांसाठी दहा पुरुष जमवणे रायगडमधील लहान गावांत अवघड झाले आहे. बहुतेक विवाह मुंबई, ठाणे आणि पुणे येथील सभास्थानांत होतात. अलीकडच्या काही विवाहांत तेबाजवळ चार खांबांचा सजवलेला हुप्पा उभारलेला दिसतो किंवा दोघांच्या डोक्यावर तालीत धरले जाते. इस्रायलशी वाढलेला संपर्क, परदेशस्थ नातेवाईक आणि छायाचित्रणाची हौस ही त्यामागची कारणे असावीत. झेंडूच्या माळांनी मढवलेले असे छत पाहताना ते हुप्पा आहे की मांडव, असा प्रश्न नवख्या प्रेक्षकाला पडू शकतो.

इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद, बेर शेवा या गावांत स्थायिक झालेल्या बेने इस्रायल कुटुंबांत विवाह तेथील रीतीप्रमाणे हुप्पाखालीच होतात, बहुधा कार्यालयात आणि नोंदणीकृत धर्मगुरूच्या हस्ते. आदल्या दिवसांतील मेंदी मात्र सुटलेली नाही. त्या समारंभाला हिरवी साडी, बांगड्या, मराठी गाणी आणि मलिदा यांची साथ असते. ‘मायबोली’ हे इस्रायलमधून निघणारे मराठी नियतकालिक याच समाजाने चालवले आहे.